टिटवीचं शीड

शहापूर, बेळगाव
२१ नोव्हेंबर १९४६

शामू,

ल-गा-गा, ल-गा-गा. धोटा सुटला की एक हलका आवाज आणि मागून फणीचे दोन भारदस्त ठोके. आपल्या घरात तेव्हा तीन माग होते, आप्पांचा, आक्काचा आणि तुझा. मी पडवीत पोरांच्या पाट्या तपासत बसलेला असलो तरी न बघता सांगायचो की आत्ता कुणाचा माग चालू आहे. आप्पांचा संथ, आक्काचा घाईचा आणि तुझा थेट भुजंगप्रयातात. शिकवणीला आलेल्या पोरांना मी ते वृत्त तुझ्याच मागावर शिकवलं. "बोटं मोडू नका रे," म्हणायचो, "गप्प बसा आणि आत काय वाजतंय ते ऐका."

काल तुझं पत्र आलं तेव्हा आधी तो आवाज ऐकू आला आणि चेहरा मागाहून आठवला. राग मानू नकोस. चेहऱ्यावर वर्षं फार साचली आहेत.

यमनाप्पा पोस्टमन तर पाकीट हातात देईना. "एन्री मास्तर, मुंबईत कोण हाय तुमचं?" मी म्हटलं, धाकटा भाऊ. तर म्हणतो, "इतकी वर्सं ह्या गल्लीत टपाल टाकतोय, भाऊ कवा निघाला न्हाय तो!"

पत्र मी मनात वाचलं आणि मग आक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला समजलं ते असं. तुझा साहेब आता कायमचा विलायतेला चालला. त्याची होडी, जी तू तांडेल म्हणून चालवतोस, ती विकायची आहे. एक पारशी डॉक्टर घ्यायला तयार आहेत, पण आधी त्यांना ती मे महिन्यातल्या क्लबाच्या शेवटच्या शर्यतीत पळताना बघायची आहे. पळाली तर होडी राहील आणि तूही तिच्यावर राहशील. नाही पळाली तर फोडून सागवान विकणार. आणि पळणार कशी, तर जुनी शिडं लढाईच्या वर्षांत कुजून गेली, विलायती कापड येत नाही आणि मिलचं मिळतं ते तंबूचं, जाडंभरडं. म्हणून तुला आपले माग आठवले.

बाकी काही लिहिलं नाहीस. राहतोस कुठं, तब्येत कशी, रांधून कोण घालतं, एक ओळ नाही. आई गेली तेव्हा साहेबाच्या पत्त्यावर तार केली होती. ती मिळाली होती की नाही, तेही नाही.

आक्का पाठ करून कांड्या भरत होती. म्हणाली, "कुठली होडी म्हणतोय? कॅम्पातली, तीच का?"

"तीच."

"फोडू दे की मग. बरं हुईल."

मी पत्र घडी करून ठेवलं. चुलीपुढं भाकरी थापताना ती पुन्हा म्हणाली, "पन्हा किती पायजे म्हणतोय मुंबईवाला?"

तुझं नाव ती घेत नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. पण पन्हा विचारला. तेव्हा मापं कळव.

तुझा
अण्णा


२९ डिसेंबर १९४६

शामू,

मापं मिळाली. हातभर पन्हा, बारीक पिळदार सूत, वाऱ्याला भोक सापडणार नाही इतकी दाट वीण. सुताची सोय सोसायटीच्या कोट्यातून केली आहे. माग ठीक आहेत. काळजी करू नको.

होडीचं नाव तू इंग्रजीत लिहिलंस ते शब्दकोशात पाहिलं. लॅपविंग म्हणजे आपली टिटवी. मला फार गोड वाटलं. आक्काला सांगितलं तर कपाळाला हात लावला. "टिटवी? रातीचं वरडून माणसं मारणारी? आणि तिचं नाव होडीला? साहेब तर साहेब, पर ह्याला अक्कल नको व्हती? सांगायचं की त्याला, कावळा ठेव म्हणून."

त्या दिवसापासून घरात होडीला टिटवीच म्हणतात. यमनाप्पासुद्धा.

शामू, मला मात्र ती अजून चिंचेखालीच दिसते. कॅम्पात तुझ्या त्या कॅप्टनसाहेबाच्या बंगल्यामागं, बरगड्या उघड्या, एखाद्या मोठ्या जनावराचा सापळा वाळत ठेवल्यासारखी. लोंढ्याच्या रानातलं सागवान, रंधा मारला की कडू-गोड वास सुटायचा. सगळं बेळगाव हसत होतं. मारुतीराव सुतार फळी ठोकता ठोकता साहेबाच्या तोंडावर म्हणायचा, "साहेब, समुद्र कवा मागवलाय? रेल्वेच्या वाघिणीतनं येणार की बैलगाडीतनं?" आणि साहेब काही न कळून "येस, येस" करायचा. तू पहिल्यांदा तिथं गेलास तो शिडाच्या खोळीचं कापड पोचवायला. दुसऱ्या दिवशी कशाला गेलास ते घरात कुणालाच कळलं नाही. त्यानंतर तुझा माग सकाळचा वाजेनासा झाला.

किल्ल्याच्या तळ्यात तिला पारखायला उतरवली तेव्हा मी सबंध वर्ग घेऊन आलो होतो. निबंधाला विषय मिळेल असं हेडमास्तरांना सांगितलं होतं. होडी पाण्यात गेली आणि लगेच फटीफटींतून पाणी आत. काठावरची माणसं टाळ्या पिटायला लागली. तू आत गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडलास, "हसू नका! फळ्या तहानल्यात. पाणी पिऊन फुगल्या की फटी आपोआप मिटत्यात!" आणि दिवस मावळायच्या सुमाराला खरंच मिटल्या. लोक घरी गेले होते. मी आणि माझी पोरं होतो. तू त्या टिटवीत बसून एकटाच तळ्याच्या मधोमध गेलास आणि तिथून आमच्याकडं पाहिलंस. मला तेव्हाच कळलं होतं. आक्काला मी काही बोललो नाही.

मग ती उघड्या वाघिणीवर चढली, लोंढ्यावरून मार्मागोव्याला गेली, तिथून समुद्रानं मुंबईला. "पोचवून येतो," म्हणालास.

एक गंमत लिहितो. मी सबंध नोकरी मुलांना समुद्रावरच्या कविता शिकवल्या. लाटा, गाज, क्षितिज, सगळं हातवारे करून. आणि समुद्र अजून पाहिलेला नाही. एकदा एका पोरानं विचारलं, गुरुजी, गाज म्हणजे कसा आवाज? मी फळा पुसायला घेतला.

तुझ्या जेवणाचं कोण बघतं, हे पुन्हा विचारतो.

अण्णा


२ फेब्रुवारी १९४७

शामू,

पहिलं ठाण काल रेल्वे पार्सलनं पाठवलं. पाच-सहा दिवसांत मिळेल. सूत चांगलं लागलं. पांजणीच्या दिवशी गल्लीत ताणा पसरला आणि खळ दिली तेव्हा इतकं स्वच्छ ऊन होतं की धागा नि धागा मोजावा. ठाण मी नाकाशी धरून पाहिलं. कोऱ्या कापडाचा वास तुला आठवतो का? तुझ्या समुद्राला पुरून उरेल.

पार्सलावर पत्ता घालताना दोन ओळी सुचल्या. वृत्त तुला ठाऊक आहे.

पुढे चालली शुभ्र पंखांत वारा
तिला पाहता थांबला हा किनारा

आक्काला म्हणून दाखवल्या. तिनं नीट ऐकल्या. मग म्हणाली, "थांबला म्हंजे? आधी किनारा चालत व्हता व्हय रं?"

मी म्हटलं, काव्यात चालतं. "मग किनारा चालू दे, मी जेवायला वाढते," म्हणाली.

तरी तुला पाठवतो. तुझा किनाऱ्याशी रोजचा संबंध. तुझं मत कळव.

अण्णा


२ मार्च १९४७

शामू,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस ते आक्काला दाखवलं नाही.

तू लिहितोस कापड देखणं आहे, वीण दाट आहे, पण पट्ट्या एकमेकांना जोडून वाऱ्यावर धरल्या तेव्हा कडा आखडलेल्या राहिल्या आणि मधे झोळ पडला. शिडं शिवणारा म्हातारा तुमच्यातल्या खलाशांना म्हणाला की हे शीड नव्हे, सावकाराचं पोट आहे. आणि खळीनं दमट हवेत बुरशी धरेल, ती धुऊन काढून पाठवा. तीन महिन्यांवर आलेली शर्यत आता दोनांवर आली, हेही खाली लिहिलंस. तुझी घालमेल अक्षरात दिसते.

आता मला काही खरं लिहिलं पाहिजे. माग ठीक आहेत असं लिहिलं होतं, तसं नाही. आप्पांचा माग त्यांच्याबरोबर बंद झाला. तुझ्या मागाचं लाकूड वाळवी लागून गेलं. एक राहिला आहे, आक्काचा, आणि त्याच्यावर आक्काच बसते. माणूस लावून विणून घेतो असं तुला वाटलं असेल. माणूस कुठला? डोळ्याला चष्मा आहे तो एका काडीचा, दुसरीकडं तिनं सूत बांधलंय. तुझं ठाण तिनं या हातांनी विणलं.

म्हणून तिला सांगायचं जिवावर आलं होतं. शेवटी सांगितलं.

"कडा घट्टच असणार की," म्हणाली. "काठाला फणीच्या एका घरात दोन-दोन धागं भरते मी. काठ सैल सोडला तर बाई नेसंल कशी? चार दिसांत चिंध्या हुतील."

"आक्का, हे नेसायचं नाही. त्याला काठच नको आहे. या कडेपासून त्या कडेपर्यंत कापड एकसारखं पाहिजे."

तिनं धोटा मांडीवर ठेवला. "म्हंजे पांढरं, बिनकाठाचं?"

"हो."

"असलं ह्या मागावर कवा विणलंय ठावं हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. तू तेव्हा इथं नव्हतास, म्हणून लिहितो. आपल्या घरची रीत आठव. घरातलं माणूस गेलं की बाराव्याच्या विधीला लागणारं पांढरं कापड विकतचं आणायचं नाही, घरच्या मागावर विणायचं, आणि त्याला काठ घालायचा नाही. दाजी गेले तेव्हा तिनं ते विणलं. आप्पा गेले तेव्हा विणलं, आणि आई गेली तेव्हाही. एरवी या मागावर काठाशिवाय वीतभर कापड निघालेलं नाही.

"जित्या माणसाच्या नावानं मी बिनकाठाचं विणायची न्हाय," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, तंबूचं घे. न्हाय तर धोतर फाडून लाव."

मी समजावलं. शिडाला कुणाचं नाव नसतं, ते लाकडाच्या काठीवर चढतं, वगैरे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी शाळेतला सगळ्यात मठ्ठ पोरगा असावा. "होडीत बसतो कोण?" एवढंच विचारलं.

आठवडाभर माग वाजला नाही. तुझी शर्यत संपली असं मी मनाशी धरून चाललो होतो, आणि तुला कसं कळवायचं याची जुळवाजुळव करत होतो. काल सकाळी अंघोळीचं पाणी काढताना आतून ठोके आले. जाऊन पाहतो तर नवा ताणा चढवून ती वितभर पुढं गेलेली. दोन्ही कडांना एक-एक तांबडा धागा. एकेरी. बाकी कापड जसं पुढं गेलंय तसाच तोही, घट्ट नाही, सैल नाही.

माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यो काठ न्हवं. पर बिनकाठाचं बी न्हवं. साडीचा पक्का धागा हाय, रंग जायचा न्हाय. चालत असंल तर विणते. न्हाय तर आत्ताच कापून काढते."

शामू, मी तुला न विचारता हो म्हणून टाकलं. त्या म्हाताऱ्याला पटव. तुमच्या क्लबात कुणी नाक मुरडलं तर त्यांनाही पटव. याहून पुढं ती येणार नाही आणि मीही तिला ढकलणार नाही.

अण्णा


७ एप्रिल १९४७

शामू,

सगळं कापड आज पार्सल ऑफिसात दिलं. पावती सोबत आहे.

परवा तिनं ते विहिरीवर धुतलं. मी नको म्हणत होतो, परटाला देऊ म्हणत होतो. ऐकेल तर आक्का कसली. खळ पुरी निघेपर्यंत पाणी बदलत राहिली, आणि मग आम्ही दोघांनी ते गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातलं. इतकं पांढरं गल्लीनं एकदम कधी पाहिलं नव्हतं. गुणाबाई घागर तिथंच टाकून धावत आली. "मास्तर, काय झालं वो? कोण गेलं?"

"कोण बी गेलं न्हाय!" आक्का विहिरीवरून ओरडली. "आधी कड बघ की! तांबडं दिसत न्हाय?"

"मग येवढं लांब कशाला, आक्का?"

"एका टिटवीला नेसवायचंय."

गुणाबाई अजून मला एकटा गाठून विचारते, आक्काची तब्येत बरी आहे ना.

आता जे लिहितो ते वाचून तू माझ्याबद्दल काय समजायचं ते समज. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी माझ्या मनानं हिशेब मांडला होता. शीड चांगलं झालं तर होडी राहील, होडी राहिली तर तू तिकडं राहशील. शीड फसलं तर होडी फुटेल, आणि मग तुला जायला हे एकच घर आहे. पहिलं ठाण बिघडल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा मला वाईट वाटलं हे खरं, पण पुरतं वाईट वाटलं नाही. दोन दिवस ते पत्र लपवलं त्यात हेही होतं. मी म्हातारा झालो आहे शामू. तुला या पडवीत बसलेला बघायचं आहे. दुसरी काही इच्छा आता शिल्लक नाही, कविता सोडल्या तर, आणि त्यांचं काय होतं ते तू पाहिलंसच.

शेवटचं ठाण मागावर होतं तेव्हा मी आक्काला बोललोच.

"आक्का, हे कापड चांगलं निघालं तर तो काही परत येत नाही."

"ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय मग?" तिनं धोटा मारला. "वाईट विणायला मला कुणी शिकवलंय व्हय?"

थोडं विणून झालं, फणी थांबली. "तुला वाटलं तर तू धागं तोड, भावकू. मी शेजारी जाऊन येते." आणि खरंच उठून गुणाबाईकडं गेली. चांगली अर्धी दुपार तिकडं बसली.

मी मागाजवळ गेलो. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात उभं राहावं तसा उभा राहिलो. कापडावरून हात फिरवला. किती एकसारखं होतं! एखाद्या कसलेल्या शार्दूलविक्रीडितात एक मात्रा इकडची तिकडं नसावी तसं. मग पडवीत येऊन बसलो. ती आल्यावर सरळ मागावर जाऊन बसली आणि माग वाजायला लागला.

तेव्हा तुझं शीड धड आहे. पळव तुझी टिटवी.

अण्णा


२५ मे १९४७

शामू,

पत्र पोचलं. दुसरा नंबर! मी ते इतक्यांदा वाचलं की आता पाठ म्हणता येईल. तू लिहितोस शर्यत अर्ध्यावर असताना वारा पडला, जड शिडांच्या होड्या रंगवलेल्या चित्रासारख्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि आपल्या हलक्या शिडानं मात्र जेवढी फुंकर होती तेवढी धरली. पाण्यावर सुरकुती दिसेल तिकडं तू तिला नेत राहिलास. पाच होड्या मागं पडल्या. डॉक्टर धक्क्यावर दुर्बीण लावून होते, आणि तू उतरलास तेव्हा त्यांनी डोलकाठीवर हात ठेवला आणि पुढच्या हंगामात रंग कोणता द्यायचा ते विचारलं. मी डोळे मिटून हे सगळं बघतो. समुद्र मला किल्ल्याच्या तळ्याएवढाच दिसतो, थोडा मोठा. तरी दिसतो.

आक्काला सांगितलं, दुसरी आली. "दुसरी?" म्हणाली. "मग पयली कुणाची? त्यांचं कापड कुणी विणलंय?"

यमनाप्पाला वाटेत थांबवून सांगितलं. त्यानं पुढं चावडीपर्यंत सांगितलं. काल बाजारात एक अनोळखी माणूस मला विचारत होता, मास्तर, तुमच्याकडं टिटव्या पाळल्यात म्हणे.

म्हणजे सगळं तुझ्या मनासारखं झालं. होडी फुटली नाही, काम राहिलं. मला वाटलं होतं मी खट्टू होईन. तसा झालो नाही, किंवा झालो तो फार नाही. संध्याकाळी पडवीत बसतो तेव्हा वाटतं, एवढी वर्षं तू आमच्यातून नाहीसा होतास, आता निदान ठाऊक आहे कुठं आहेस. माणूस एका जागी आहे आणि ती जागा शाबूत आहे, हेही पुष्कळ म्हणायचं. तू न येण्याला काहीतरी कारण असणार. मी दरवेळी तुझ्या घराबद्दल, जेवणाबद्दल विचारलं आणि दरवेळी तू शिडाबद्दल लिहिलंस. आता विचारत नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात असं लिहिलंस, तेव्हा तुला मोकळीक असेल. त्या दिवसांत पत्र लिहीत जा, एवढंच

शामू, इथं लेखणी खाली ठेवली होती. आता पुन्हा घेतली आहे. घाईत लिहितो, अक्षर सांभाळून घे.

दारात टांगा थांबला. मला वाटलं समोरच्यांकडं कुणी आलं असेल. आक्का मागावरून उठून दाराशी गेली. दारात एक मुलगी उभी, वीस-एक वर्षांची, उन्हानं रापलेली, पायाशी पत्र्याची ट्रंक.

"भावकू मास्तरांचं घर हेच का?"

"ह्येच. कोण पायजे?"

"मी तारा. शामू तांडेलांची मुलगी."

आक्का उंबऱ्यात तशीच राहिली. मी आतून बघत होतो, मला तिची पाठच दिसत होती.

"कुणाची?"

"शामू तांडेलांची." मग ती पोर पाठ केलेला धडा म्हणावा तशी एका दमात बोलली. "माझी आई वर्सोव्याच्या कोळ्यांची. लग्न दोन्ही घरांना न सांगता झालं. आई दोन पावसाळ्यांमागं वारली. बाबा म्हणाले, तिकडची माणसं रीतीची आहेत, आधी तू जा. तुला उंबरा ओलांडू दिला तर मी येतो. नाही दिला तर त्याच टांग्यानं परत ये, काही बोलू नको, पाया पडून ये." ती वाकली, पण आक्काच्या पायांना हात लावावा की नाही ते तिला कळेना. तशीच अर्धी वाकलेली राहिली.

"परत ये म्हंजे कुठं? मुंबईला?"

"नाही. बाबा ठेसनावर बसलेत."

तिची आई वारल्याचं ऐकून आक्कानं फक्त एकदा त्या मुलीच्या केसांकडं पाहिलं. पोरीनं ते स्वतःच कसेतरी बांधलेले होते. मग आक्का वळली आणि माझ्यावरच ओरडली.

"बघितलंस काय शामूचं? सोता ठेसनावर बसतो आणि पोरीला पुढं धाडतो! भ्यायला मी काय वाघीण हाय?"

तुझं नाव घेतलं तिनं. मी ऐकलं.

ट्रंक उचलायला मी पुढं झालो तर मला हात लावू दिला नाही. स्वतः उचलली, या वयात, आणि आत घेऊन गेली. तारा तिच्या मागून गेली.

टांगेवाला मष्णू दारातून विचारतो आहे, मास्तर, परत ठेसनावर जायचं का. हे पत्र टपालात टाकत नाही. हातानंच आणतो आहे. बाकावरून उठू नकोस.